आग्नेलच्या पत्राची शेवटची घडी

भांगरवाडीतल्या त्या घराला पुढून एक दार होतं आणि मागून एक. पुढच्या बाजूला फिलूमावशी राहायची, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. कौलांखाली हातभर मोकळी जागा सुटली होती आणि तिथून दोन्ही घरांचं सगळं एकमेकांकडं जात-येत असे. तिच्याकडून व्हिनेगरचा आंबट वास यायचा, वाटलेल्या नारळाचा यायचा, आणि संध्याकाळी तिची पुटपुटत म्हटलेली प्रार्थना यायची. आमच्याकडून भाकरी थापल्याचा आवाज, सुकटीचा वास, आणि आबा कामावरून आले की शेडमधल्या वंगणाचा वास तिकडं जायचा. आई मिरच्या भाजायला बसली की पलीकडून मावशी ओरडायची, “अनसूये, मारतेस का गो मला?” आणि इकडून आई खोकतखोकत म्हणायची, “मी तरी कुटं जगतीय, मावशी!” घाटात गाडीला मागून जोर देणारी इंजिनं दिवसभर भोंगे वाजवायची. नुसत्या भोंग्यावरून कुठला ड्रायव्हर आहे ते मावशी ओळखायची. तिचा नवरा पास्कल त्याच इंजिनांवर ड्रायव्हर होता. मी सांगतेय त्या काळात तो जाऊन तीन वर्षं झाली होती.

आबा कान्ह्याहून येऊन रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकामी मजूर, म्हणून लागले तेव्हा लोणावळ्यात खोली शोधत हिंडले होते. घरमालक आधी गाव विचारायचे, मग नाव, मग आडनाव. आडनाव ऐकलं की ती खोली कुणा मेव्हण्याला कबूल केल्याचं त्यांना आठवायचं. मावशीनं एकच प्रश्न विचारला होता, “कोंबड्या पाळणार नाही ना? माझा पाला खातात.” आबा नाही म्हणाले आणि आम्ही राहायला आलो. पहिल्या दिवसापासून ती आबांना ‘मिस्त्री’ म्हणायची. पुढं आम्ही बौद्ध झालो, त्या दिवशी आईनं फोटोपुढं लावायला मेणबत्त्या आणायला मला दुकानात धाडलं, तर मावशी दारातच म्हणाली, “दुकानात कशाला? मेणबत्त्या माझ्याकडं पुष्कळ आहेत.” तिच्या देवाच्या मेणबत्त्या आमच्या घरात जळल्या. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा दोन्ही घरांत कुणाला वाटलं नाही. मला ते विशेष वाटायला लागलं ते फार नंतर, बाहेरचं जग थोडं पाहिल्यावर.

मावशीला एकच मुलगा, आग्नेल. शाळेच्या मैदानावर तो रेल्वेच्या पोरांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळायचा. त्याच्या पायात चेंडू आला की बाजूनं जाणारे हमालसुद्धा उभे राहत, असं आबा सांगायचे. बापाला वाटे त्यानं रेल्वेत लागावं, त्याला वाटे जग बघावं. एके दिवशी दोघांचं जोराचं वाजलं आणि तो मुंबईला जाऊन बोटीवर स्वयंपाक्यांच्या हाताखाली लागला. तो दर्यावर असतानाच पास्कलकाका गेले. तार त्याला कुठं मिळाली, मिळाली की नाही, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर त्याचं एक अक्षर आलं नव्हतं.

या तीन वर्षांत मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डाव्यानं तिला माणसाची सावली आणि दाराचा उजेड कळायचा. तरी पोहे निवडण्यापासून भिंतीवरचा क्रूस पुसण्यापर्यंत सगळं ती हातानं करी. वाचायचं काम मात्र माझ्याकडं आलं. तिनंच मला तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून इंग्रजी शिकवलं होतं, म्हणजे वर्गातल्या मुली ‘धिस इज अ कॅट’ म्हणत तेव्हा मला ‘फरगिव्ह अस अवर ट्रेसपासेस’ येत होतं. मी सांगतेय त्या साली मी दहावीत होते. पुस्तक मी धरायची, ती चुकलेला उच्चार कानानं पकडायची आणि माझ्या दंडाला चिमटा काढायची. पुढं तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याची सुरुवात त्या चिमट्यांनी झाली.

मे महिन्यात, करवंदवाल्या बायका दारोदार फिरत होत्या तेव्हा, पोस्टमन निळं एअर लेटर देऊन गेला. त्यावर राणीचं तिकीट होतं. मावशीनं ते हातात घेतलं, अंगठ्यानं तिकिटावरून चाचपलं आणि मला हाक मारली नाही. नुसती भिंतीवर थाप मारली. मी गेले तर ती खुर्चीत ताठ बसली होती. “बाय, सावकाश वाच,” ती म्हणाली. “एकदम नको वाचूस.”

मी सावकाश वाचलं. आग्नेल बोट सोडून लंडनला उतरला होता. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करत होता. बापाची बातमी त्याला आठ महिन्यांनी कळली होती आणि मग लिहायला हातच उचलला नव्हता. मग फुटबॉल आला. युरोपातल्या सगळ्या देशांच्या क्लबांची एक मोठी स्पर्धा असते, तिचा शेवटचा सामना यंदा लंडनला आहे. एक संघ पोर्तुगालचा, एक इटलीचा. हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्यानं त्याला तिकीट दिलं आहे. तो पोर्तुगालवाल्यांच्या बाजूनं आहे, कारण त्यांच्यात आफ्रिकेतून आलेला एक पोरगा असा खेळतो की आपलं सगळं विसरायला होतं. सामना बुधवारी दुपारी आहे, तुमच्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, आणि लंडनच्या रेडिओवरून तो सांगणार आहेत. “ममा, तू ऐक,” त्यानं लिहिलं होतं. “गोल झाला की सगळे ओरडतील, त्यात मी असेन.”

मावशी हसायला लागली. हसताहसता तिनं पदर तोंडात धरला. मी पत्र उलटलं. पत्र चिकटवायची जी शेवटची घडी असते, तिच्यावर बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. मी त्या मनात वाचल्या. ‘ममा, मी लग्न केलं आहे. तिचं नाव मॉरीन. आम्हाला आठ महिन्यांची मुलगी आहे. मी आता तिकडं राहायला येणार नाही, माझी वाट बघू नकोस. वर लिहायचा धीर झाला नाही म्हणून इथं लिहितो.’

“झालं?” मावशीनं विचारलं.

तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तीन वर्षांनी कुणी दिवा लावावा तसा तो झाला होता. मी म्हणाले, “झालं.”

तिनं पत्र माझ्या हातून घेतलं, घडी घातली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.

मला वाटलं होतं, आठ दिवसांनी सांगू. पण दुसऱ्याच दिवशी तिनं गल्लीभर सांगितलं की आग्नेल नाताळला येतोय. तसं त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं. तिनं स्वतःच ठरवलं होतं. आणि दोन दिवसांनी रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर आबांना वाटेत भेटले आणि म्हणाले, “त्या बाईंना सांगा, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. महिना-दोन महिन्यांत काढला नाही तर तो डोळाही हातचा जाईल.” आबांनी घरी येऊन मावशीला ते सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “नाताळानंतर बघू, मिस्त्री. मुलगा आला की तो नेईल. परक्या डॉक्टरपुढं एकटी कशी जाऊ?”

“लय उशीर हुईल, बाई,” आबा म्हणाले.

“इतका झाला, त्यात आणखी थोडा.”

मी भिंतीच्या अलीकडं पुस्तक उघडं धरून बसले होते. मला त्यातली ओळ दिसत नव्हती. ती ज्याच्यासाठी डोळा थांबवून ठेवतेय तो येणार नाही, हे त्या दोन घरांत फक्त मला ठाऊक होतं. दोनदा मी पुढच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आईनं विचारलं, “काय गं, पोटात दुकतंय का?” मी व्हय म्हणाले. तिनं मला ओवा खायला दिला.

मावशीकडं पास्कलकाकांचा मोठा रेडिओ होता, पण तो वर्षभर मुका होता. आबांनी तो पोत्यात गुंडाळून बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं नेला आणि नवा व्हॉल्व्ह बसवून आणला. मग शेडमधून आणलेली तांब्याची तार घेऊन ते कौलांवर चढले. तारेचं एक टोक घराला आणि दुसरं शेजारच्या जांभळीच्या फांदीला बांधलं. खाली मावशी उभी राहून त्यांना सांगत होती, “उंच बांधा, मिस्त्री, लंडन लांब आहे!” पिकलेली जांभळं तिच्या पांढऱ्या केसांत पडत होती. आई मला कोपरानं ढोसून हसत होती. मलाही हसू आलं आणि लगेच गेलं.

बुधवारी मावशीनं सकाळपासून स्वयंपाक केला. आम्ही कोंबडी खातो हे तिला माहीत होतं, तरी तिनं आईला दोनदा विचारून गोव्याकडची, नारळ-मसाला वाटून करतात ती कोंबडीची शाकुती केली, आणि गुळाचा रस घातलेले तांदळाचे गोड वडे केले. सात वाजता आम्ही तिच्या खोलीत जाऊन बसलो. आबा आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या खुर्चीवर बसले, तेही कडेला. गणपतभाऊ आला होता. तो रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता आणि लहानपणी आग्नेलच्या संघात गोलमध्ये उभा राहायचा. येताना तो धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून आला होता, जणू लंडनहून त्याला बघणार होते.

रेडिओ तापायला वेळ लागला. हिरवा दिवा उजळला, मग शिट्ट्या, मग कुणीतरी तिसऱ्याच भाषेत गाणारी बाई. आबा बटण केसाएवढं फिरवत होते. एकदम समुद्रासारखा आवाज आला, भरती-ओहोटी असलेला, आणि त्यात एक माणूस भरभर इंग्रजी बोलत होता. “हेच!” मी ओरडले. तो समुद्राचा आवाज म्हणजे माणसं होती. मावशीनं खुर्ची पुढं ओढली आणि रेडिओच्या जाळीच्या कापडाला कान लावला. शेवटपर्यंत तिनं तो काढला नाही.

बोलणाऱ्याचे चारातले एक-दोन शब्द मला कळत होते. “डावीकडून नेला… हिसकावला… कॉर्नर,” असं मी सांगायची. “आता कोपऱ्यातनं मारत्याल,” असं गणपतभाऊ बाकीचं भरायचा. मधेच आवाज खोल जायचा आणि आम्ही पाचजण श्वास धरून बसायचो. मग त्या आफ्रिकेतल्या पोराचं नाव मला ऐकू आलं, एकदा, दोनदा, बोलणारा उंच उंच चढत गेला आणि तो समुद्र एकदम फुटला. “गोल! पोर्तुगालचा!” गणपतभाऊनं आबांना मिठी मारली. आईनं कशासाठी ते न कळता टाळ्या वाजवल्या. मावशी हलली नाही. कापडावर तळहात ठेवून ती हळू म्हणाली, “ओरडतोय. घसा बसेल त्याचा.”

हजारो माणसांच्या त्या कल्लोळात तिनं तिचा एक वेगळा काढून घेतला होता. मला तो ऐकवेना. मी मान खाली घातली.

मध्यंतरात आईनं चहा केला आणि आम्ही वडे खाल्ले. उत्तरार्धात मात्र इटलीवाल्यांनी एक गोल केला, आणि थोड्या वेळानं आणखी एक. दोन्ही वेळा समुद्र फुटला, पण आता तो परक्यांचा होता. गणपतभाऊ “आता फेडत्याल बगा, आता फेडत्याल” म्हणत गुडघ्यावर मूठ आपटत राहिला. फिटलं नाही. बोलणारा माणूस शेवटी हसरा झाला, बँड वाजला, आणि आबांनी आवाज कमी केला. माझा नातू हल्ली हे सामने फोनवर बघतो. तो मला विचारतो, “आजी, त्या वर्षी कोण जिंकलं?” मी सांगते, इटलीवाले, दोन-एक. त्याला तेवढंच हवं असतं.

मावशी अजून रेडिओला टेकून होती. ती काळजीनं म्हणाली, “हरला की तो जेवायचा नाही. दोन-दोन दिवस. मी मागं लागून भरवायचे. आता तिथं परक्या मुलखात त्याला कोण जेवायला घालणार?”

मी म्हणाले, “त्याची बायको घालील.”

मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. ती इतकी काळजी करत होती, आणि त्या काळजीचं उत्तर माझ्याकडं होतं, ते तोंडातून निघून गेलं. आबा माझ्याकडं बघत राहिले.

“काय म्हणालीस, बाय?”

मी रडायला लागले आणि रडतारडता सगळं सांगितलं. घडी सांगितली, चार ओळी सांगितल्या, ‘झालं’ म्हणाले ते सांगितलं. आबा उठले. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही. “यमे, दुसऱ्याचं पत्र गिळलंस? तिला दिसत न्हाई म्हणून? शिकवलं कशापायी तुला?”

“थांबा, मिस्त्री,” मावशी म्हणाली. तिनं चाचपत बिस्किटांचा डबा काढला आणि पत्र माझ्यापुढं धरलं. “वाच. सगळं.”

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. गणपतभाऊ हलकेच चपला शोधत बाहेर गेला. मावशी म्हणाली, “मुलीचं नाव काय?”

“लिहिलं नाही, मावशी.”

“नीट बघ.”

“नाहीच लिहिलं.”

“गाढव,” ती म्हणाली. “बायकोचं लिहिलं आणि मुलीचं नाही. एवढ्या मोठ्या सामन्याचं लिहिलं, आणि पोरीचं नाव नाही!” आणि मग ती रडली. आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिचे पाय धरून बसून राहिली. आबांनी मला दंडाला धरून घरी आणलं.

तीन दिवस भिंतीवर थाप पडली नाही. पलीकडून प्रार्थना यायची, पण बारीक. आईनं डब्यातून दिलेली आमटी ती घ्यायची, माझ्या हातून मात्र नाही. मी शाळेची सुट्टी असून पहाटेच उठून तिच्या अंगणात पाणी भरून ठेवायची आणि ती उठायच्या आत पळून यायची. चौथ्या दिवशी थाप पडली. मी गेले. टेबलावर नवं एअर लेटर आणि दौत होती.

“बस. मी सांगते ते लिही,” ती म्हणाली. “आणि ऐक. तुला माझी दया आली, ते मला कळलं. पण माझ्यावर आलेलं दुःख माझं आहे, बाय. ते तू कोण वळचणीला लपवून ठेवणार? वाचणाऱ्यानं वाचायचं. गाळायचं नाही.”

“नाही गाळणार,” मी म्हणाले.

तिनं दंडाला चिमटा काढला, नेहमीपेक्षा जोरात. मग पत्र सांगितलं. पहिल्या ओळीत मुलीचं नाव विचारलं. दुसरीत मॉरीनला सांगितलं की याला गोड आवडतं, ते देत जा. तिसरीत म्हटलं की सामना ऐकला, हरलात, पण हरल्यावर जेवायचं असतं. शेवटी सांगितलं, “लिही, मी वाट बघणार नाही. पण येशील तेव्हा दार उघडं आहे.” त्याचं उत्तर ऐन पावसात आलं. मुलीचं नाव सुझान होतं. सोबत फोटो होता आणि मावशीनं तो भिंगाच्या जाड चष्म्यातून स्वतः पाहिला, कुणाला सांगायला न लावता. आग्नेल आला, पण सात वर्षांनी, एका महिन्यासाठी, बायको-मुलीला घेऊन. त्या महिन्यात मी मावशीला जितकं हसताना पाहिलं तितकं आधीही नाही आणि नंतरही नाही.

पण चष्मा मिळायच्या आधी पुणं होतं. पत्र लिहून झालं त्याच संध्याकाळी तिनं भिंतीवरून हाक मारली, “मिस्त्री, मला पुण्याला नेणार का? मोतीबिंदू काढून टाकू.” आबांनी रजा टाकली. आईनं भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. वाचायला म्हणून मीही गेले. गाडी कान्ह्यावरून गेली तेव्हा आबांनी मावशीला खिडकीतून हात करून सांगितलं, “हितं माजं गाव,” आणि मग तिला दिसत नाही हे आठवून त्यांनी सगळं सांगितलं: शाळा कुठं, विहीर कुठली, कुणाचं शेत कुठवर. ती खिडकीकडं तोंड करून पुढचं स्टेशन येईपर्यंत मान हलवत होती.

पुण्यातल्या दवाखान्यात खिडकीशी एक कारकून बसला होता. त्यानं मावशीचं नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं, आणि न बघताच विचारलं, “जवळचा नातेवाईक कोण? सहीला माणूस लागेल.”

मी मावशीकडं पाहिलं. आग्नेलचं नाव सांगेल, तो लंडनला आहे म्हणेल, असं मला वाटलं. तिनं हात लांब करून आबांची बाही शोधली.

“हा,” ती म्हणाली. “माझा भाऊ.”

“नाव?”

आबांनी नाव सांगितलं, आडनावासकट. कारकुनाचा टाक थांबला. त्यानं आधी कागदावरचं तिचं नाव पाहिलं, तिच्या गळ्यातला क्रूस पाहिला, मग आबांकडं पाहिलं. रांगेत मागं उभी असलेली माणसंही पुढं झुकली. आबा आयुष्यभर असल्या खिडक्यांपुढं मान खाली घालून उभे राहिले होते. आडनाव सांगितल्यावर पुढं काय होतं ते त्यांना पाठ होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी मान खाली घातली नाही.

“भाऊ?” कारकुनानं विचारलं.

“व्हय,” आबा म्हणाले. “थोरली हाय माजी. लिवा.”

त्यानं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं.